मृगाचे वाहन आणि मोबाइलवरचा ढग

परभणी-परळी रेल्वेमार्गावरचे पोखर्णी हे गाव मराठवाड्यात ओळखले जाते ते नृसिंहाच्या देवळामुळे. नृसिंह जयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीला असते, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर अकराव्या दिवशी. तोवर या भागातल्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर यंदाच्या पावसाचे निदान तीन अंदाज येऊन पडलेले असतात. एप्रिलच्या मध्यावर हवामान विभागाने पहिला दीर्घकालीन अंदाज सांगितलेला असतो. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत जाहीर झालेले असते. आणि नक्षत्रांची वाहने तर पाडव्याला नवे पंचांग आले तेव्हाच कळलेली असतात. मृगाला कोल्हा की बेडूक, आर्द्राला मोर की म्हैस.

हे तिन्ही अंदाज एकाच व्हॉट्सॲप गटावर, सारख्याच अक्षरांत, एकाखाली एक येतात. त्यातला कोणता किती दिवसांसाठी आहे, कोणत्या भागासाठी आहे, कशावरून काढला आहे, हे संदेशात नसते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र एक निर्णय घ्यावाच लागतो. सोयाबीन आणि कापूस पेरायचा की अजून थांबायचे? पेरल्यावर पावसाने ओढ दिली तर बियाणे, खत आणि मजुरी मातीत जाते आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा उसनवारी सुरू होते. म्हणूनच लोकपरंपरेतल्या कोणत्या खुणेवर किती विसंबायचे, हा प्रश्न गप्पांपुरता राहत नाही.

आधी वाहनाचे गणित पाहू. पावसाळ्यातल्या एखाद्या नक्षत्रात सूर्य शिरतो तेव्हा चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहायचे. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे आणि येईल त्या संख्येला नऊने भागायचे. बाकी एक उरली तर घोडा, दोन उरली तर कोल्हा, मग ओळीने बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, आणि बाकी शून्य आली तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस चांगला. कोल्हा, मेंढा आले की कमी. गणित नेटके आहे, शाळकरी पोरालाही जमेल. पण त्यात वारा नाही, बाष्प नाही, समुद्राचे तापमान नाही आणि गावही नाही. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, परभणीची सरासरी हजारापर्यंतही जात नाही. दोन्हीकडे मृगाचे वाहन मात्र एकच.

चंद्राचा पावसाशी काहीच संबंध नाही, असेही नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी उपग्रहाच्या १५ वर्षांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये दाखवले की चंद्राच्या ओढीमुळे हवेचा दाब किंचित बदलतो आणि त्याने पावसातही फरक पडतो. किती? जेमतेम एक टक्का. छत्री घ्यावी की नाही हे त्यावरून ठरवता येत नाही, पेरणी तर दूरच.

भेंडवळची मांडणी याहून देखणी. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात अठरा प्रकारची धान्ये गोलाकार मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याची घागर आणि पापड, भजी, वडा, करंजी असे पदार्थ ठेवतात. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचे नाही. पहाटे काय हलले, काय भिजले, काय जागच्या जागी राहिले ते पाहून पीकपाण्यापासून देशाच्या राजकारणापर्यंत सगळे सांगितले जाते. ही परंपरा साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी तिच्यावर वेळोवेळी आक्षेपही घेतले आहेत. एका रात्रीत धान्याचा दाणा हलतो तो वाऱ्याने, मुंगीने किंवा उंदराने. त्या हालचालीला सप्टेंबरातला पाऊस माहीत असण्याचे काही कारण नाही. दूरदूरचे शेतकरी तिथे जमतात, हंगाम सुरू होण्याआधी एकमेकांशी बोलतात, हा त्या पहाटेचा खरा उपयोग मानावा.

नक्षत्रांचा हिशेब मात्र सगळाच टाकून देण्यासारखा नाही. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो. २५ मेच्या सुमारास रोहिणी, ७ किंवा ८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, सप्टेंबरच्या शेवटी हस्त. छापील कॅलेंडर घराघरांत टांगले जाण्याच्या कितीतरी आधी पावसाळ्याचे पंधरवड्यांत भाग पाडून देणारी ही शेतीची वही होती. कोणत्या पंधरवड्यात साधारणपणे काय होते हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेले आणि त्याच्या म्हणी झाल्या. त्यातल्या पुष्कळ सहदेव-भाडळीच्या नावावर चालतात. हवामानशास्त्र ज्याला दीर्घकालीन सरासरी म्हणते तेच इथे तोंडपाठ करून ठेवले आहे. मोजमापाचीही आपल्याकडे जुनी परंपरा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापुढे ठरावीक रुंदीचे भांडे ठेवून पाऊस मोजावा असे सांगितले आहे, आणि अश्मक देशात किती पाऊस पडतो याचा आकडाही दिला आहे. अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा मुलूख, म्हणजे आजच्या परभणी-नांदेडच्या आसपासचाच.

अडचण अशी की ही वही हळूहळू सरकते आहे. पंचांगातले वर्ष ताऱ्यांवरून मोजले जाते. ऋतू मात्र सूर्य उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे किती झुकला आहे त्यावर चालतात. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलत असल्याने या दोन वर्षांत सुमारे वीस मिनिटांचा फरक पडतो. वीस मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण ७२ वर्षांत त्यांचा पूर्ण एक दिवस होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या मकर संक्रांतीचा, तारीख १२ जानेवारी. आता संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. मृगही तसाच पुढे पुढे चालला आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ लिहिली, ढगांना गर्भ राहिल्यापासून १९५ दिवसांनी पाऊस होतो असे त्यात मांडले, तेव्हा सूर्य मृगात शिरत असे तो आजच्या तारखेप्रमाणे मेच्या तिसऱ्या आठवड्यात. त्या काळचे नियम नक्षत्राच्या नावावर आज जसेच्या तसे लावले तर तीन आठवड्यांची चूक सुरुवातीलाच पदरात पडते.

पाऊस तर त्याहून मोठ्या फरकाने मागेपुढे होतो. २०२३ मध्ये मोसमी वारे केरळात ८ जूनला आले आणि मुंबईत पोचायला २५ जून उजाडला. मराठवाड्यात मृग जवळजवळ कोरडा गेला. २०२५ मध्ये ते केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला दाखल झाले, म्हणजे रोहिणी नुकती लागलेली असताना. त्यानंतर मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत त्यांची वाटचाल थबकली. मेमधला पाऊस पाहून पेरणीची घाई करू नका, असे कृषी विभागाला सांगावे लागले. दोन वर्षांत महिन्याचे अंतर, आणि पंचांगातला मृग दोन्ही वर्षी आपल्या जागी.

खुणांचा दुसरा गट मात्र पंचांगातून येत नाही. तो समोरच्या आकाशातून, मातीतून आणि जिवांच्या वागण्यातून येतो, आणि विज्ञानाला त्याच्याशी बोलता येते. चंद्राला खळे पडते ते उंचावरच्या पातळ ढगांतल्या बर्फाच्या स्फटिकांमुळे. असे ढग पुष्कळदा मोठ्या पावसाळी ढगांच्या पुढे पसरत येतात. पावसाआधी मातीचा वास येतो. त्या वासामागे मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेले जिओस्मिन हे द्रव्य असते, आणि माणसाच्या नाकाला ते अत्यंत कमी प्रमाणातही कळते. वास आला याचा अर्थ वाऱ्याच्या बाजूला, जवळपास कुठेतरी पाऊस सुरू झाला आहे. ही खूण सहसा फसवत नाही, कारण ती भविष्य सांगतच नाही. शेजारच्या शिवारात काय चालले आहे तेवढे कळवते. उकाडा अंगाला चिकटू लागणे, मिठाला पाणी सुटणे, बेडूक ओरडू लागणे, या सगळ्या हवेतल्या बाष्पाच्या खुणा. मुंग्या अंडी घेऊन वर चढू लागल्या की पाऊस, हेही बहुतेक त्यातलेच.

पण खूण ज्या मातीतली, तिथेच ती चालते. संध्याकाळी आभाळ तांबडे झाले की दुसरा दिवस कोरडा, ही म्हण युरोपात बरीच खरी ठरते. तिथे हवामान पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते, त्यामुळे मावळतीकडे आभाळ मोकळे असले की येणारी हवा कोरडी. मराठवाड्याला जुलै-ऑगस्टमध्ये चांगला पाऊस देणारी कमी दाबाची क्षेत्रे मात्र बंगालच्या उपसागरातून, पूर्वेकडून येतात. पश्चिम मोकळी दिसली म्हणून पूर्वेकडून येणारे थांबत नाही. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘निसर्गाच्या खुणां’मध्ये कोकणच्या, गुजरातच्या, अगदी इंग्लंडच्याही खुणा सरमिसळ होऊन येतात, आणि हा भेद तिथे पुसला जातो.

पक्ष्यांचेही असेच. चातक आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांच्या सोबतीने भारतात येतो हे खरे आहे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने त्याचा प्रवास समजून घेण्यासाठी २०२० मध्ये चातकांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली होती. चातक दिसला म्हणजे वारे वळले, एवढे म्हणायला हरकत नाही. कावळ्याने आंब्या-करंजावर घरटे केले तर पाऊस चांगला आणि बाभळीवर केले तर दुष्काळ, ही खूण मात्र जपून घ्यावी. कावळा आज कोणते झाड मिळते आणि कुठे त्रास कमी आहे ते पाहतो. बांधावरचे आंबे तुटले आणि बाभळीच उरल्या, तर पाऊस कसाही पडो, घरटे बाभळीवरच असणार.

या खुणांची रीतसर परीक्षा गुजरातेत झाली. जुनागढच्या कृषी विद्यापीठात डॉ. पी. आर. कनाणी यांनी १९९० च्या दशकात सौराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन भडलीच्या वचनांची नोंद आणि पडताळणी सुरू केली. भडली म्हणजे आपली भाडळीच. बहावा भरात फुलल्यानंतर सुमारे ४५ दिवसांनी पाऊस येतो, ही त्यांनी तपासलेल्या खुणांपैकी एक. त्या कामातली शिकण्यासारखी गोष्ट निकालापेक्षा पद्धतीत आहे. आधी खूण लिहून ठेवायची, मग पाऊस मोजायचा, आणि खूण चुकली तेही लिहायचे. एरवी खरी ठरलेली भाकिते पारावर दहा वर्षे सांगितली जातात, चुकलेली त्याच संध्याकाळी विसरली जातात. शिवाय जुलैत ‘या आठवड्यात पाऊस येईल’ असे सांगणारा कोणीही बहुतेक वेळा खरा ठरतो. त्याला अंदाज म्हणता येत नाही, तो हंगामच तसा असतो.

परभणी जिल्ह्याला या विषयात आणखी एक स्थान आहे. सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख यांचे पावसाचे अंदाज व्हॉट्सॲप आणि यूट्यूबवरून राज्यभर पाहिले जातात. ते निसर्गातल्या खुणांचाही आधार सांगतात. त्यांचे नाव इतके घरोघरी झाले की २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीने त्यांना परभणीतून उमेदवारी दिली. अशा अंदाजांवर शास्त्रीय कसोटीचे प्रश्न उभे राहतात आणि ते विचारलेच पाहिजेत. पण लोक ते ऐकतात यामागचे कारणही समजून घ्यायला हवे. शेतकऱ्याला तारीख हवी असते, भागाचे नाव हवे असते आणि पेरू की थांबू याचे उत्तर घरातल्या भाषेत हवे असते. सरकारी पत्रकात यातले काय मिळते?

तिथे लिहिलेले असते : ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता.’ हवामान विभागाच्या भाषेत प्रत्येक शब्दाला ठरलेले माप आहे. तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५० टक्के केंद्रांवर, बऱ्याच ठिकाणी म्हणजे ५१ ते ७५ टक्के, त्याच्या पुढे सर्वदूर. म्हणजे ‘तुरळक’ पावसाचा अंदाज पूर्ण खरा ठरला तरी चारांतली तीन गावे कोरडी राहू शकतात. हे माप वाचणाऱ्याला कोणी सांगत नाही. बातमीत ‘परभणीत उद्या पाऊस’ एवढेच उरते आणि कोरड्या राहिलेल्या गावात वेधशाळा खोटी ठरते. या अविश्वासाने एकदा पोलीस ठाणेही गाठले. जुलै २०१७ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी, अंदाजावर विसंबून पेरणी केली आणि नुकसान झाले म्हणून, दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान विभागाविरुद्धच तक्रार दिली होती.

शास्त्राचे अंदाज चुकतात हे उघड आहे. पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी तयार केलेले १६ घटकांचे प्रारूप १९८८ पासून हवामान विभाग वापरत होता. २००२ साली त्यानुसार पाऊस सरासरीइतका सांगितला गेला आणि प्रत्यक्षात देशात १९ टक्के कमी पडला. पुढच्याच वर्षी ते प्रारूप बदलले गेले. वाहनाची बाकी चुकली म्हणून नऊऐवजी दहाने भागून पाहा, असे कोणत्याही पंचांगकर्त्याने म्हटलेले नाही. या दोन परंपरांत फरक करायचा तर तो इथे करावा.

गावापुरता अंदाज अवघड का, याचे उत्तर शेतकऱ्याच्याच बोलण्यात आहे. बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, असे म्हणतात. जूनमधला गडगडाटी ढग दोनचार किलोमीटर रुंदीचा, आणि त्याचे आयुष्य बहुधा तासाभराचे. संगणकावरची प्रारूपे देशाचे चौकोन पाडून हिशेब करतात. तो चौकोन पूर्वी १२ किलोमीटरचा होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टिममध्ये तो ६ किलोमीटरवर आला. सहा किलोमीटरांत दोन-तीन गावांची शिवारे मावतात. म्हणजे अंदाज गावाच्या वेशीपर्यंत आला आहे, शिंगापर्यंत अजून नाही.

पेरणीपुरते मात्र जुन्या आणि नव्या जाणकारांचे एकमत आहे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षे सांगत आले आहे की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. जुना शेतकरी आकडा सांगत नसे. तो जमीन उकरून ओल वीतभर खाली गेली का ते पाही आणि मुठीत मातीचा गोळा दाबून बघे. काळ्या जमिनीत हे दोन्ही एकाच गोष्टीचे माप आहे. पहिल्या सरीने वरची माती भिजते, बी उगवते, आणि खालून ओल न मिळाल्याने आठवड्यात करपते. नक्षत्र कोणते, वाहन कोणते, हे इथे कोणी विचारत नाही. पाऊस मोजायची सोयही आता आहे. राज्यात २०१७ पासून महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो आणि मेघदूत ॲपवर मराठीत वाचता येतो. कृषी विज्ञान केंद्रांतले जिल्हा पातळीवरचे हवामान कक्ष मात्र २०२४ मध्ये बंद करण्यात आले. देशात ते १९९ होते. यंत्रे वाढवायची आणि ती शेतकऱ्याच्या भाषेत समजावून सांगणारी माणसे कमी करायची, हा हिशेब कळण्यासारखा नाही.

एका बाबतीत परंपरेचा सल्ला जिवावर बेततो. ती बाब म्हणजे वीज. देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात. त्यात मोठा वाटा शेतात काम करणाऱ्यांचा आणि गुरे राखणाऱ्यांचा असतो. पायाळू माणसावर, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्यावर, वीज पडते, अशी समजूत आपल्याकडे आहे. त्यामुळे पायाळू घरात बसतो आणि बाकीचे निर्धास्तपणे शेतात राहतात. वीज जन्मकथा विचारत नाही, उंची पाहते. मोकळ्या रानात एकटे उभे असलेले लिंबाचे किंवा चिंचेचे झाड तिला सगळ्यात जवळचे, आणि सर आली की माणसे नेमकी त्याच झाडाखाली जातात. वीज खोडावरून शेजारच्या अंगावर उडी घेते किंवा मुळांलगतच्या ओल्या जमिनीतून पसरते. एकाच झाडाखाली तीन-चार माणसे दगावतात ती यामुळे.

इथे मोबाइल उपयोगी पडतो. पुण्याच्याच संस्थेचे दामिनी ॲप आपल्या भोवती २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात विजा पडत आहेत का ते दाखवते. हे चार महिन्यांचे भाकीत नव्हे, पुढच्या अर्ध्या तासाची सूचना आहे. नेटवर्क नसेल तर कान पुरे. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस मोजून होत नसतील तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. आसरा नसेलच तर झाडापासून, विजेच्या खांबापासून, तारेच्या कुंपणापासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. सोबतची माणसे एकमेकांपासून लांब असावीत.

वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही झटका बसतो, या समजुतीने पहिली मोलाची मिनिटे वाया जातात. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. मृत्यू बहुधा हृदय थांबल्याने होतो, आणि ते पुन्हा सुरू होऊ शकते. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, जोरात दाबत राहावे आणि दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन लावावा. अनेकांवर एकदम वीज पडली असेल तर कण्हणाऱ्याकडे नंतर जावे. जो निपचित पडला आहे त्याच्याकडे आधी.